इतवारीचे दुकान, वाडीचे गोदाम आणि मधली खासगी वाट

नागपुरात इतवारी, गांधीबाग किंवा मस्कासाथ भागातल्या जुन्या पेढ्यांचे हिशेब आता टॅलीत असतात, माल अमरावती रस्त्यावर वाडीच्या गोदामात असतो, हिशेबनीस मानेवाड्याच्या घरून रात्री नोंदी पूर्ण करतात आणि जीएसटीचे विवरणपत्र भरायची तारीख जवळ आली की धंतोलीतल्या सीएंनाही तीच खाती पाहायची असतात. डेटा मात्र दुकानातल्या एकाच संगणकावर असतो. या सगळ्यांना त्या संगणकापर्यंत पोहोचवण्याची जी पद्धत छोट्या व्यवसायांत सर्रास दिसते, ती मला मनापासून धोकादायक वाटते आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

ती पद्धत अशी, की राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी आतल्या संगणकाकडे वळवून, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे (दुरून संगणकाचा पडदा पाहून काम करण्याच्या सोयीचे) ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे संगणकात शिरण्याचे क्रमांकित दार, सरळ इंटरनेटवर उघडे ठेवायचे. काम लगेच सुरू होते, कोणाची तक्रार येत नाही. पण उघडी पोर्ट शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम अखंड चालू असतात आणि पोर्ट सापडले की पासवर्डांचे अंदाज लावणे सुरू होते. पोर्टचा क्रमांक बदलल्याने फरक पडत नाही, कारण एकूण ६५,५३५ पोर्ट तपासायला त्यांना फार वेळ लागत नाही. २०१९ च्या मे महिन्यात रिमोट डेस्कटॉपमधली ‘ब्लूकीप’ ही त्रुटी उघड झाली, तेव्हा तर पासवर्ड ठाऊक नसतानाही आत शिरणे शक्य होते आणि मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीसारख्या कधीच्या बंद केलेल्या आवृत्तीसाठीही दुरुस्ती दिली होती. शटर उघडे टाकून गल्ल्याला तेवढे कुलूप लावण्यासारखा हा प्रकार आहे.

याऐवजी वापरायचे ते व्हीपीएन, म्हणजे आभासी खासगी जाळे. व्हीपीएन म्हटले की अनेकांना मोबाइलवरचे, आपण दुसऱ्या देशात असल्याचे भासवणारे ॲप आठवते. व्यवसायासाठीच्या व्हीपीएनचे काम वेगळे असते. दुकान, गोदाम आणि घर यांच्यामध्ये इंटरनेटवरूनच, पण कूटबद्ध अशी खासगी वाट तयार होते आणि त्या वाटेवर आपण ओळखत असलेल्या उपकरणांनाच प्रवेश मिळतो.

व्हीपीएन उभारण्याचे साधन म्हणून मी आता वायरगार्डच सुचवतो. जेसन डोनेनफेल्ड यांनी तयार केलेले हे तंत्र मार्च २०२० मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीच्या ५.६ आवृत्तीत सामील झाले. ओपनव्हीपीएन हे दुसरे साधनही विश्वासार्ह आहे, पण त्याची डिजिटल प्रमाणपत्रे सांभाळायला माहितगार माणूस लागतो. जुन्या राउटरमध्ये पीपीटीपी या जुन्या व्हीपीएन पद्धतीचा पर्याय दिसला तर तो मुळीच घेऊ नये, कारण त्याची सुरक्षा भेदता येते हे २०१२ मध्येच सिद्ध झाले आहे. वायरगार्डचा मला सर्वांत भावलेला गुण म्हणजे ओळख न पटलेल्या पाकिटाला (जाळ्यावरून आलेल्या डेटाच्या तुकड्याला) ते उत्तरच देत नाही. बाहेरून तपासणाऱ्याला तेथे काही चालू आहे याचा सुगावाही लागत नाही.

ते बसवण्यापूर्वी दुकानाच्या जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे का, हे पाहावे. राउटरमध्ये दिसणारा वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल, तर सेवादाता एकच पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटत आहे आणि बाहेरून आत येणारी जोडणी होणार नाही. मग वार्षिक शुल्क भरून स्थिर आयपी घ्यावा, किंवा मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन दुकान आणि गोदाम दोघांनाही त्याच्याशी जोडावे. दुकानातल्या जाळ्याचे अंतर्गत पत्ते १९२.१६८.१ या पट्ट्यातले असतील तर तेही आधीच बदलावे. घरोघरीच्या राउटरमध्ये बहुधा हाच पट्टा असतो, आणि हिशेबनीसांच्या घरी तोच निघाला की त्यांचा लॅपटॉप दुकानाचा संगणक घरातच शोधत बसतो.

किल्ल्यांच्या बाबतीत मी जराही सवलत देत नाही. वायरगार्डमध्ये प्रत्येक उपकरणाची एक खासगी आणि एक सार्वजनिक किल्ली असते. खासगी किल्ली ज्या लॅपटॉपवर तयार झाली तेथून बाहेर जाता कामा नये. सर्व्हरकडे, म्हणजे व्हीपीएन चालवणाऱ्या मुख्य उपकरणाकडे, पाठवायची ती फक्त सार्वजनिक किल्ली, म्हणजे बरोबरच्या (=) चिन्हाने संपणारी ४४ अक्षरांची ओळ. ती व्हॉट्सॲपवर पाठवली तरी बिघडत नाही. सर्व्हरवर त्या ओळीखाली त्या उपकरणाचा व्हीपीएनमधला एक पत्ता लिहायचा, समजा १०.६६.०.३, आणि वर टिपणीत तो लॅपटॉप कोणाचा हेही नोंदवायचे. एका पेढीच्या मालकांनी मला विचारले होते, “भाऊ, सगळ्यांना एकच फाइल दिली तर नाही का चालणार?” मी त्यांना म्हटले, “काकाजी, उद्या गोदामाचा माणूस नोकरी सोडून गेला, तर त्याची एकट्याची वाट बंद करता आली पाहिजे ना.” वेगळी किल्ली असेल तर त्याच्या नावाच्या तीन-चार ओळी खोडल्या की काम होते, बाकीच्यांना कळतसुद्धा नाही.

वाट तयार झाली म्हणजे सगळे सगळीकडे जाऊ शकतील असेही नको. गोदामाच्या संगणकाला दुकानातल्या एकाच संगणकाचे ३३८९ पोर्ट पुरते. कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर किंवा मालकांचा लॅपटॉप त्याला दिसण्याचे कारण नाही. हे बंधन फायरवॉलमध्ये, म्हणजे जाळ्यावरची ये-जा अडवणाऱ्या नियमांत, घालावे लागते आणि घाईच्या कामात नेमके तेवढेच राहून जाते. गोदामाच्या संगणकात व्हायरस शिरला तर व्हीपीएन त्यालाही तितक्याच इमानाने दुकानापर्यंत पोहोचवते.

टॅलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डेटाचे फोल्डर व्हीपीएनवरून शेअर करून घरच्या टॅलीत उघडू नये. तो वेग असह्य होतो आणि नोंद करताना मध्येच जोडणी तुटली तर डेटा बिघडण्याची भीती असते. व्हीपीएनमधून रिमोट डेस्कटॉप घ्यावा, म्हणजे टॅली दुकानातच चालते आणि वाटेवरून फक्त पडदा, कळफलक आणि माउस जातात. त्यासाठी दुकानात विंडोजची प्रो आवृत्ती लागते आणि तिच्यावर एका वेळी एकच जण काम करू शकतो. दिवसा दुकानातही नोंदी चालू असतील तर टॅलीचा अनेक संगणकांसाठीचा गोल्ड परवाना घेऊन बाहेरच्यांसाठी वेगळा संगणक ठेवावा. राउटर आणि ते संगणक इन्व्हर्टरवर असावेत, कारण उन्हाळ्यात वीज गेली की खासगी वाटही जाते.

कायद्याची शंका बऱ्याच जणांना असते. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपण्याची अट आहे, पण ती लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी चालवलेल्या व्हीपीएनला ती लागू नाही, असा खुलासा त्याच यंत्रणेने केला आहे. सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवण्याचा नियम मात्र व्यवसायांनाही आहे.

सगळे जुळल्यावर राउटरमधले ३३८९ चे जुने फॉरवर्डिंग आठवणीने काढावे आणि मोबाइलच्या डेटावरून, व्हीपीएन बंद ठेवून, ते खरोखर बंद झाले का हे तपासावे. सर्व्हरच्या फाइलची एक प्रत आणि राउटरचा पासवर्ड बंद पाकिटात मालकांच्या हाती द्यावा, म्हणजे पुढे दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावायची वेळ आली तर त्याला सारे पहिल्यापासून मांडावे लागणार नाही.