बारा वर्षांची घोडी आणि दातावरची खाच

मी घोड्यांची डॉक्टर आहे, त्यातही दातांचं काम जास्त करते. एका १ जानेवारीला एका रायडिंग स्कूलमधून बोलावणं आलं, एक घोडी दोन महिन्यांपासून वाळत चाललीय, चंदी पुढे टाकली की तोंड घालते, जंताचं औषध देऊन झालंय, तरी फासळ्या दिसायला लागल्यात. गेले तर तबेल्यात वाढदिवस! तिच्याच ठाणाच्या दारावर मुलांनी रंगीत कागद चिकटवलेले, खडूने मोठ्ठा १२ काढलेला, आणि तिला रोज खरारा करणारी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी गाजरं घेऊन उभी.

तिने गाजर पुढे केलं. घोडीने घेतलं, मान एका बाजूला वाकडी केली, जबडा दोन-चारदा फिरवला आणि अर्धवट चावलेलं, लाळेने भिजलेलं गाजर खाली पडलं. मुलगी म्हणाली, "हिला हल्ली गाजर आवडत नाही." मी खाली बघितलं तर गवतात अंगठ्याएवढे चोथ्याचे गोळे पडलेले, एक-दोन नाही, चांगले वीसेक. हे गोळे दिसले की माझ्या पोटात गोळा येतो, कारण घोडा गवत चघळून असं टाकतो तेव्हा त्याला भूक असते पण चावता येत नसतं, आणि सगळ्यांना वाटतं तो खातोय.

गुंगीचं इंजेक्शन दिलं, तोंड उघडं ठेवायची चौकट लावायच्या आधी नेहमीच्या सवयीने ओठ वर करून पुढचे दात बघितले, आणि तिथेच थांबले.

आता हे जरा नीट सांगते. घोड्याचं वय पुढच्या दातांवरून सांगतात. शिंगराचे मधले दुधाचे दात साधारण सहा दिवसांत, त्यांच्या बाजूचे सहा आठवड्यांत आणि कोपऱ्याचे सहा महिन्यांत येतात, मग अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या आसपास तेच जोडीजोडीने पडून पक्के येतात, पाचव्या वर्षी तोंड पूर्ण भरलेलं असतं. त्यानंतर दात हिरडीतून वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहतो आणि तेवढाच वरून झिजत राहतो, म्हणजे आयुष्यभराचा साठा आधीच जबड्यात भरून ठेवलेला असतो आणि तो संपला की संपला. वरच्या जबड्यातल्या कोपऱ्याच्या दातावर एक उभी खाच असते, ती दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी डोकावते, पंधराव्याला अर्ध्या दातापर्यंत येते, विसाव्याला खालच्या टोकापर्यंत पोचते आणि मग हिरडीच्या बाजूने पुसत जाते.

बारा वर्षांच्या घोडीत ती हिरडीजवळ थोडीशीच दिसायला हवी होती. हिच्यात टोकापर्यंत पोचली होती आणि वरून पुसायलाही लागली होती. दात बाजूने बघितले तर पुढे लांबट तिरके आलेले, तरुण घोड्यात ते जवळजवळ उभे एकमेकांवर बसतात. डोळ्यांच्या वरचे खळगेही खोल. मागे हात घातला तर खालची एक दाढ गेलेली, आणि समोरची वरची दाढ झिजायला काही नाही म्हणून त्या फटीत वाढत जाऊन हिरडीला टोचत होती.

मी म्हटलं, "ही बारा वर्षांची नाही हो. बावीस-तेवीस तरी आहे."

मालक म्हणाले, "अहो डॉक्टर, घेताना कागदावर लिहून दिलंय." ज्याने विकली त्याने आठ वर्षांची म्हणून विकली होती, चार वर्षांपूर्वी. जन्मतारीख माहीत नाही म्हणून १ जानेवारी टाकली होती.

ती तारीख रेसच्या घोड्यांवरून घेतलेली. उत्तर गोलार्धात थरोब्रेड घोड्यांचा अधिकृत वाढदिवस एकच, १ जानेवारी, मग शिंगरू फेब्रुवारीत होवो की मे महिन्यात, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे १ ऑगस्ट. एका वयोगटाच्या शर्यती लावायला हे बरं पडतं, पण ३१ डिसेंबरला जन्मलेलं शिंगरू दुसऱ्या दिवशी कागदावर एक वर्षाचं होतं! घोडीला दिवस असतात अकरा महिने आणि ती नैसर्गिकपणे माजावर येते दिवस मोठे होताना, म्हणून शिंगरू वर्षाच्या सुरुवातीलाच व्हावं यासाठी हिवाळ्यातच तबेल्यात दिवे लावून तिला सोळा तासांचा दिवस दाखवतात. जपानमध्ये तर २००० सालापर्यंत जन्मतःच एक वर्ष धरायचे. ही सगळी मोजणी माणसांच्या सोयीची, आणि सोयीपुरती ती ठीकच आहे, पण इथे त्या कागदामुळे एका म्हातारीला चार वर्षं तरुण घोडीचं काम आणि तरुण घोडीचं खाणं मिळत होतं, उड्या मारायच्या क्लासलासुद्धा तीच असायची. मला त्या दिवशी खूप राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

टोचणारी दाढ कानशीने खाली आणली, पण एका बैठकीत जेवढी घासता येते तेवढीच, जास्त घासली तर आतली नस उघडी पडते. लांब गवत कमी करून भिजवलेलं मऊ खाणं दिवसातून चार वेळा सांगितलं, उड्या बंद.

मुलगी इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग ती आता मरणार का?" मी तिला ओल्ड बिलीबद्दल सांगितलं, इंग्लंडमध्ये कालव्यावर बोटी ओढणारा घोडा, १७६० ते १८२२, बासष्ट वर्षं जगला. असं सगळ्यांचं होत नाही हेही सांगितलं, बहुतेक घोडे पंचवीस-तीसपर्यंत जातात, पण दात गेले तरी खाणं मऊ करून दिलं तर बरीच वर्षं मजेत निघतात. मग तिला ओठ वर करून ती खाच दाखवली. तिने नखाने हळूच वरून खालपर्यंत चाचपून बघितली आणि विचारलं, "हिचा खरा वाढदिवस कधी?" मी म्हटलं ते दात नाही सांगत गं, विशी उलटली की वर्षसुद्धा अंदाजानेच सांगतात.

माझ्या कार्डावर लिहिलं, वय २२-२३, दातांवरून, अंदाजे.

दोन महिन्यांनी परत गेले तेव्हा फासळ्या झाकायला लागल्या होत्या. मुलीने बादली धरली होती आणि घोडी आत तोंड खुपसून चपाचप खात होती, मी सवयीने आधी खाली बघितलं, गवतात चोथ्याचा एकही गोळा नव्हता.