रेंज पूर्ण, तरी नेट अडखळते : घोडबंदर रस्त्यावरील घरातील वाय-फायच्या तपासाची नोंद

मागील नोंदीत राउटर टीव्हीच्या मागून काढून पॅसेजच्या भिंतीवर उंच बसवल्याचे लिहिले होते. त्यानंतर आतल्या खोलीतील लॅपटॉपची रेंज स्पष्टपणे सुधारली, पण मूळ तक्रार तशीच राहिली. पडद्यावर सिग्नलच्या सर्व रेघा दिसतात, जोडणी तुटल्याचा संदेश येत नाही, आणि तरीही मध्येच काही मिनिटे पाने उघडत नाहीत व व्हिडिओ कॉलमधील आवाज तुटतो. त्याच टेबलावरचा मोबाइल त्या वेळी व्यवस्थित चालतो. या खेपेची नोंद या एकाच दोषाच्या मागाविषयी आहे.

दोष लॅपटॉप ते राउटर या टप्प्यात आहे की राउटरच्या पलीकडे, हे आधी ठरवणे आवश्यक होते. त्यासाठी टर्मिनलच्या दोन खिडक्या उघडून एकीत राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ या पत्त्याला, आणि दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरील गूगलच्या सर्व्हरला, सतत पिंग चालू ठेवले, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजले. पहिली खिडकी स्थिर राहून केवळ दुसरी अडखळली असती, तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करणे योग्य ठरले असते. येथे मात्र राउटरचेच उत्तर काहीशे मिलिसेकंदांवर जात होते आणि मधली काही पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, हरवत होती. लॅपटॉपला लॅन केबल जोडताच तेच उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत, खंड न पडता येऊ लागले. फायबर, त्याचा डबा आणि राउटरचा तारेचा भाग अशा रीतीने तपासातून बाहेर पडले. ग्राहक सेवेला फोन करण्यापूर्वी प्रत्येकाने ही चाचणी करावी, असे मला मनापासून वाटते.

पुढचा संशय भिंतींवर होता, आणि तो रास्तही होता. आमच्या भागातील अलीकडचे अनेक टॉवर ॲल्युमिनियमच्या साच्यात, म्हणजे ज्याला सर्वजण मायवान म्हणतात त्या पद्धतीने, बांधलेले आहेत. त्यांत खोल्यांमधल्या भिंतीही विटांच्या नसून सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात, आणि अशा भिंतीतून वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झची लहर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा बरीच अधिक क्षीण होते. माझ्या टेबलापाशी ५ गिगाहर्ट्झचे मोजमाप उणे ७६ डीबीएम, तर २.४ चे उणे ५८ डीबीएम आले (डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचे माप; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार). दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते हे लक्षात घेतल्यास हा फरक किती मोठा आहे ते कळेल. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असल्याने लॅपटॉप २.४ वर स्थिरावत होता, तर मोबाइल क्षीण का होईना, ५ वरच टिकून राहत होता. परंतु निर्णायक गोष्ट वेगळीच होती: अडखळण्याच्या क्षणीही उणे ५८ हा आकडा हलत नव्हता. त्याच वेळी वाय-फाय कार्डाच्या आकडेवारीत पुन्हा पाठवाव्या लागलेल्या पॅकेटची संख्या झपाट्याने वाढत होती. राउटरचा ‘आवाज’, म्हणजे सिग्नल, तेवढाच मोठा होता; शेजारी मिक्सर चालू झाल्यावर बोलणे ऐकू येऊ नये, तसा प्रकार होता. म्हणजे शोध रेंजचा नव्हे, गोंगाटाचा करायचा होता.

वाय-फाय कार्डाच्या वीजबचतीचे सेटिंग नेटवर्कमॅनेजर या लिनक्समधील जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममधून बंद करून पाहिले. लॅपटॉप निष्क्रिय असताना पिंगमध्ये दिसणारे शंभर मिलिसेकंदांच्या आसपासचे चढउतार त्याने गेले, कारण झोपलेले कार्ड राउटरच्या १०२.४ मिलिसेकंदांनी येणाऱ्या बीकनची, म्हणजे ‘मी इथे आहे’ अशा ठरावीक संदेशाची, वाट पाहत असते. मूळ दोषावर परिणाम शून्य.

चॅनेलच्या पाहणीत अधिक हाती लागले. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेलमधील, म्हणजे पट्ट्याच्या क्रमांक दिलेल्या भागांमधील, अंतर ५ मेगाहर्ट्झ असते आणि एका जोडणीला सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंदी लागते, म्हणून एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ हेच धरले जातात. राउटरने स्वतःहून चॅनेल ३ निवडले होते, तेही ४० मेगाहर्ट्झ रुंदीने. एकाच चॅनेलवरील राउटर एकमेकांचे ऐकून आपली पाळी येईपर्यंत थांबतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवर मात्र त्यांना एकमेकांचे बोलणे नीट समजत नाही आणि ते निव्वळ गोंगाट ठरते. आमच्या मजल्यावर १ आणि ६ दोन्ही भरलेले आहेत, आणि माझा राउटर नेमका त्यांच्या मध्ये होता. आता चॅनेल ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ अशी कायम केली आहे. भारतात चॅनेल १३ वापरण्यास मुभा असून आमच्याकडे तो मोकळाही आहे, पण अमेरिकेच्या नियमांवर बेतलेली कार्डे तो पाहतच नाहीत. घरी येणाऱ्या पाहुण्यांचा विचार करून तो टाळला.

यानंतर दिवसभराचे अडथळे जवळजवळ नाहीसे झाले, पण रात्रीचा एक मोठा खंड उरला. तो नेमका बॅकअप चालू असताना येतो, हे नोंदवहीतील वेळा शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसले. बॅकअपची हार्डडिस्क यूएसबी ३.० ची आहे. यूएसबी ३.० वरची माहिती सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने धावते आणि तिच्यातून निघणारा विद्युत गोंगाट २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केले होते. डिस्क काढताच पिंग स्थिर झाले, लावून बॅकअप सुरू करताच पुन्हा बिघडले. डिस्क यूएसबी २.० च्या पोर्टला लावली असता खंड पडला नाही, मात्र बॅकअपला फार वेळ लागला. चांगले आवरण असलेली लांब केबल घेऊन डिस्क लॅपटॉपपासून दूर ठेवल्यावर सुधारणा झाली, तरी ती पूर्ण नव्हती, कारण गोंगाट केबलच्या जोडापाशीही निर्माण होतो आणि लॅपटॉपचे अँटेना तिथून वीतभर अंतरावर, बहुधा पडद्याच्या कडेला, असतात.

त्यामुळे कायमचा उपाय ५ गिगाहर्ट्झचाच आहे. जुन्या केबल टीव्हीच्या पाइपमधून कॅट ६ प्रकारची लॅन तार ओढून आतल्या खोलीत स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने राउटरला जोडलेले वाय-फाय देणारे उपकरण, लावण्याचे काम आता हाती घेतले आहे. तो ३६ ते ४८ या चॅनेलवर ठेवीन. ५२ ते १४४ या चॅनेलवर रडार आहे का हे आधी किमान एक मिनिट ऐकणे उपकरणाला बंधनकारक असते, आणि वीज जाऊन आल्यावर तेवढा विलंब घरच्यांना नको आहे.

मायवान पद्धतीच्या घरात राहणाऱ्या सभासदांनी राउटरजवळचे आणि एका भिंतीपलीकडचे दोन्ही पट्ट्यांवरील डीबीएमचे आकडे कळवल्यास, ॲक्सेस पॉइंटची जागा ठरवताना त्यांची मोठी मदत होईल. अंतर आणि मधल्या दाराची स्थिती, उघडे की बंद, हेही कृपया सोबत लिहावे.