तीन महिन्यांची वही

जानेवारीत टाउन बोर्डावर, म्हणजे गावाचा कारभार बघणाऱ्या मंडळावर, बसले आणि पहिल्याच आठवड्यात क्लर्कबाईंनी सांगितलं, पेन्शनसाठी सर्व्हिस धरायची असेल तर सलग 3 महिने काय काम केलं ते रोज तासांसकट लिहून ठेव. इथे न्यूयॉर्क राज्यात आम्हा निवडून आलेल्यांना हजेरी नसते, मग दिवस मोजायचे कशावरून, तर या वहीवरून. टर्म सुरू झाल्यापासून 150 दिवसांत ते लिखाण पूर्ण व्हायला लागतं.

आधी मला जरा रागच आला, खरं सांगते. पण हा नियम 2009 मध्ये कडक झालाय, आणि त्याच्या आदल्याच वर्षी लाँग आयलंडवर बाहेरचे वकील शाळांचे कर्मचारी म्हणून दाखवून त्यांना पेन्शन लावल्याचं उघड झालं होतं, हे वाचल्यावर राग गेला. पैसा लोकांच्या टॅक्समधूनच जातो ना.

मीटिंग, तिची तयारी, रस्त्याची पाहणी, रात्री बर्फाच्या तक्रारीचा फोन आला तर तो बोलण्यात गेलेला वेळ, हे सगळं धरता येतं. फोन येईल म्हणून घरी थांबलात तर ते नाही, प्रचार नाही, मीटिंगनंतरच्या गप्पा तर नाहीच. मी जेवणाच्या टेबलावरच वही ठेवली, झोपायच्या आधी लिहायचं म्हणजे लिहायचं, कारण आमच्यातल्या एकांनी महिनाभराचं एकदम आठवून लिहायला घेतलं आणि त्यांचे कितीतरी तास सुटले, त्यांनी खरंच केलेलं काम होतं ते.

माझे 3 महिन्यांचे 108 तास झाले. बोर्डाने कामाचा दिवस 6 तासांचा ठरवलाय (त्याहून कमी ठरवताच येत नाही), म्हणजे 18 दिवस, महिन्याला 6, वर्षाला 72. पूर्ण एक वर्ष सर्व्हिस मिळायला 260 दिवस लागतात. म्हणजे 4 वर्षांच्या टर्ममध्ये जेमतेम 1 वर्षाच्या वर जाते मी, आणि पेन्शनचा हक्क लागायला 5 वर्षं सर्व्हिस लागते, 2022 पर्यंत नव्या मेंबरांना तर 10 लागायची! याच वेगाने मला 18 वर्षांहून जरा जास्तच निवडून यावं लागेल. पार्ट-टाइम कामाला पार्ट-टाइम हिशोब, ते मला पटतं, पण मग एकही तास लिहायचा राहून जाऊ नये असं फार वाटतं.

आता कोणाचे किती दिवस धरायचे याचा बोर्डाचा ठराव 30 दिवस सगळ्यांना बघायला लावलाय, माझ्या नावापुढे महिन्याला 6 दिवस आहेत. कोणी विचारलं तर वही दाखवायला तयार आहे.