आहेस का इथे?

रविवार, रात्री पावणेबारा

कोजागिरीचे फोटो ग्रुपवर येऊन तास झाला होता. गच्ची, सतरंज्या, आटीव दूध, पातेल्यात चंद्र पकडायचा दरवर्षीचा फसलेला प्रयत्न. मग ठाणेवालीने मला वेगळं विचारलं, "अगं, तू आहेस का इथे?"

इथेच होते. पार्ल्यात, घरात, उद्याच्या सॉफ्टवेअर रिलीजची यादी तपासत. 'येतेस का' विचारलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. 'आहेस का'ला काय म्हणायचं?

रागावण्यासारखं काही नाही खरं तर. दुपारी विचारलं असतं तर मी "बघते गं" लिहिलं असतं, आणि माझ्या 'बघते'चा अर्थ आता सगळ्यांना पाठ आहे. पण तरी. आईला मी इथे आहे हे माहीत असतं, वॉचमनला माहीत असतं, आणि दूधवाल्याला तर आधी कळतं.

आज ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. युरोपची घड्याळं हिवाळ्यासाठी पहाटे एक तास मागे गेली. फ्रँकफर्टची सकाळी दहाची मीटिंग परवापर्यंत आपल्याकडे दीडला व्हायची, उद्यापासून अडीचला. अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जाते, त्यामुळे मधल्या दिवसांत न्यूयॉर्क आणि फ्रँकफर्टमधलं अंतर सहा तासांऐवजी पाच होतं, आणि कोणीतरी रिकाम्या कॉलवर एकटंच बसून राहतं. मार्चमध्ये हाच घोळ दोन-तीन आठवडे चालतो, कारण अमेरिका दुसऱ्या रविवारी पुढे सरकते आणि युरोप शेवटच्या. आपलं घड्याळ जागचं हलत नाही. हलते ती आपली संध्याकाळ.

मेख अशी, की दर आठवड्याची मीटिंग ज्या शहराच्या वेळेत बांधली असेल, त्या शहराचा दिवस शाबूत राहतो. न्यूयॉर्कच्या दहाला बांधलेला कॉल आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसातला, आणि पुढच्या रविवारपासून थेट मार्चपर्यंत साडेआठला. साडेसातचा आठला संपला तर पार्ल्याहून पावणेनऊला शिवाजी पार्कचा कट्टा गाठता येतो, अजून कोणी उठलेलं नसतं. साडेआठचा नऊला संपतो, म्हणजे बोलून बोलून सव्वानऊला, आणि मी पोचेपर्यंत दादरवाला पँट झटकत उभा राहिलेला असतो. उपाय एकच. आमंत्रण आपण पाठवायचं आणि टाइम झोन कोलकाता निवडायचा. अनेक याद्यांत मुंबई नसतेच. १९५५ पर्यंत या शहराची स्वतःची वेळ होती, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. ती ३९ मिनिटं मला कोणीतरी परत करावीत असं अधूनमधून वाटतं.

तिकिटाची तारीख हा दुसरा सापळा. युरोपला जाणारी बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर लिहिलेलं असतं शनिवार, २.५०. कॅलेंडर ते इमानदारीत शनिवारच्या चौकोनात टाकतं आणि शुक्रवारची संध्याकाळ पांढरीशुभ्र ठेवतं. मग आपण शुक्रवारी जेवायला 'हो' म्हणतो. तीन तास आधी पोचायचं म्हणजे शुक्रवारी रात्री पावणेबाराला विमानतळाचं टी-टू, म्हणजे टर्मिनल दोन. त्याआधी बॅगेचं वजन, पॉवर बँक चेक-इनमधून काढून हातातल्या बॅगेत, बँकेचे ओटीपी परदेशात येतील ना म्हणून रोमिंग सुरू. पार्ल्याहून टी-टू हाकेच्या अंतरावर असलं तरी जेवणाचे बारा वाजतातच. म्हणून तिकीट काढल्या काढल्या आदल्या रात्री आठपासून हाताने खूण करायची. मी करते. आठवलं तर.

ऑन-कॉलचं, म्हणजे अलर्ट आला की लगेच उत्तर द्यायच्या पाळीचं, गणित मला जमतं, निदान. सणांची अदलाबदल जानेवारीतच करून टाकायची: तिकडच्या सहकाऱ्यांचे थँक्सगिव्हिंग आणि नाताळ मी घेते, माझे गणपती आणि लक्ष्मीपूजन ते घेतात. तारखा लिहून द्याव्या लागतात, कारण गणपती २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आणि २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला कसे, हे एकदा अधिक महिन्यापासून समजावून झालंय, पुन्हा ताकद नाही. ज्या आठवड्यात पाळी माझी, त्यात भेटायचं तर पाठीवर लॅपटॉप, फोन उताणा, आणि पंधरा मिनिटांत अलर्टला उत्तर देता येईल अशीच जागा. नाटक बाद. कट्टा चालतो. कट्ट्यावर कोणीतरी बोलत असताना मी फोनकडे बघते, आणि फोन गप्प असला तरी बघते. हे कोणी मला बोलून दाखवलेलं नाही.

'आहेस का' म्हणे.

माझ्याकडे एक शीट आहे. शेंगेनचे, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाचे, दिवस: कुठल्याही १८० दिवसांत ९०, आणि उतरल्याचा दिवस नि निघाल्याचा दिवस दोन्ही धरायचे, इथेच लोक फसतात. प्राप्तिकरासाठी भारतातले दिवस: १८२ भरले की नाही. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांवर आली की रकाना लाल. दोन्ही सरकारांना मी कुठल्या दिवशी कुठे होते ते तारीखवार सांगू शकते. ठाणेवालीला मात्र परतल्याचं कळवलं नव्हतं. परवा नाही, बरं का. अकरा दिवस झाले.

म्हणजे प्रश्न बरोबरच होता की.

इतका वेळ तिच्यावर रुसून बसले होते, आणि तिने बिचारीने निदान विचारलं तरी. दादरवाल्याने तर फोटोंखाली 'परदेशी मंडळींना दुधाची आठवण' असं लिहिलं होतं, आणि त्यावर मीच अंगठा दिला होता. कुठल्यातरी कॉलवर असताना, न वाचता.

शेवटी लिहिलं: "इथेच आहे गं. अकरा दिवस झाले, सांगायचं राहिलं. विमान शनिवारी पहाटेचं, म्हणजे शुक्रवार गेला. गुरुवारी? कॉल या आठवड्यात अजून साडेसातलाच आहे, आठला सुटते. ठाण्याला मी येते, तू नको येऊस."

दोन निळ्या खुणा लगेच. मग बराच वेळ 'टायपिंग'.

"गुरुवारी मी नाशिकला. साडीखरेदी, सासूबाईंबरोबर. बघते गं."