तपकिरी झालेले निकोटिन

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी रासायनिक विश्लेषणाचे काम करतो. व्हेपिंगसाठीचे, म्हणजे ई-सिगारेटमध्ये भरून ओढायचे, मिश्रण घरीच तयार करणारे लोक इथे तीव्र निकोटिन द्रावण एकदम विकत घेऊन वर्षानुवर्षे साठवतात. अशाच एका गृहस्थांनी तपासणीसाठी आणलेल्या दोन बाटल्यांनी मला त्या दिवशी खरोखर अस्वस्थ केले.

दोन्ही बाटल्या एकाच खरेदीतल्या होत्या आणि प्रोपिलीन ग्लायकॉल या रंगहीन द्रावकात दर मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम निकोटिन, हे त्यांचे मूळ प्रमाण होते. गडद काचेची बाटली गळ्यापर्यंत भरून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर ठेवलेली होती व तिच्यातला द्रव जवळजवळ रंगहीन होता. दुसरी, अर्धी वापरलेली प्लॅस्टिकची बाटली गॅरेजमधल्या फळीवर राहिली होती. तिच्यातल्या द्रवाला कोऱ्या चहाचा रंग आला होता आणि झाकण उघडताच माशाच्या वासाची उग्र झाक जाणवत होती.

“याचा निम्मा जोर तर गेलाच असेल, म्हणून मी आता दुप्पट घालणार आहे,” असे ते म्हणाले, तेव्हा निकाल हाती येईपर्यंत काहीही मिसळू नका, अशी मी त्यांना कळकळीने विनंती केली. दर मिलिलिटरला 6 मिलिग्रॅम तीव्रतेचे 100 मिलिलिटर मिश्रण करायला हे द्रावण 6 मिलिलिटर पुरते. अंदाजाने 12 मिलिलिटर घातले असते, तर प्रत्येक झुरक्यात जवळपास दुप्पट निकोटिन गेले असते.

द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर फ्रीझरमधला नमुना लेबलाशी जुळला, आणि तपकिरी नमुन्याची तीव्रता दर मिलिलिटरला 94 मिलिग्रॅम निघाली. त्याच्या आलेखात निकोटिनच्या मुख्य शिखराशेजारी कोटिनिन आणि निकोटिन-एन-ऑक्साइड या त्याच्या ऑक्सिडीकरणातून बनणाऱ्या द्रव्यांची लहान शिखरे दिसत होती. हवेतल्या ऑक्सिजनमुळे निकोटिनचे ऑक्सिडीकरण होते, उष्णता आणि प्रकाश त्याला वेग देतात, आणि रंग गडद व्हायला अशी अगदी थोडी द्रव्येही पुरतात. म्हणून रंगावरून तीव्रता ठरवणे धोक्याचे आहे. प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो, शिवाय अर्ध्या रिकाम्या बाटलीत हवा आधीच कोंडलेली असते.

त्यामुळे लहान काचेच्या बाटल्या काठोकाठ भरून फ्रीझरमध्ये ठेवणे मला सर्वांत योग्य वाटते. वापरण्यापूर्वी बंद बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर हवेतली वाफ थंड द्रवात उतरते. मग ती नीट हलवूनच उघडावी. हातमोजे मात्र हवेतच, कारण निकोटिन त्वचेतून शरीरात जाते. तंबाखूची ओली पाने खुडणाऱ्या मजुरांना त्यामुळेच मळमळ आणि चक्कर यांचा त्रास होतो.

याहून गंभीर गोष्ट बोलता बोलता बाहेर आली. फ्रीझरमधल्या बाटलीवर फक्त तारखेची चिकटपट्टी होती आणि ती मुलांच्या आइस्क्रीमशेजारी ठेवलेली असे. 30 मिलिलिटरच्या त्या बाटलीत तीन ग्रॅम निकोटिन होते, म्हणजे प्रौढ माणसाचाही जीव जाऊ शकेल इतके. 2014 मध्ये न्यूयॉर्क राज्यात द्रव निकोटिन पोटात गेल्याने एक वर्षाचे मूल दगावले होते. विक्रीच्या बाटल्यांना मुलांना न उघडणारे झाकण 2016 पासून सक्तीचे झाले, पण घरी दुसऱ्या बाटलीत ओतलेल्या द्रावणाला ते संरक्षण उरत नाही.

हे ऐकून ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी काचेच्या बाटलीवर नाव, तीव्रता आणि विषाची सूचना लिहिली, ती कुलपाच्या डब्यात घालूनच फ्रीझरमध्ये ठेवण्याचे ठरवले आणि तपकिरी द्रावण घातक कचऱ्याच्या संकलन केंद्रात दिले.