लॉक सेटची वाट पाहण्यात गेलेले ११ दिवस

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच आमची ८ वर्षांची पेट्रोल मोटार बंद पडली. सेल्फ जोमाने फिरत होता, इंजिन क्षणभर धरत होते आणि लगेच बंद होत होते; त्याच वेळी डॅशबोर्डवरील किल्लीच्या चित्राचा दिवा भराभर लुकलुकत होता. गाडी टो करून अंबडच्या बाजूच्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. जॉब कार्ड होईपर्यंत कसलीच अडचण आली नाही.

दुसऱ्याच दिवशी इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा, निकामी झाल्याचे सांगून, दोन नव्या किल्ल्यांसह संपूर्ण लॉक सेट आणि ईसीएम (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) यांचे ३८,००० रुपयांचे अंदाजपत्रक माझ्यापुढे ठेवण्यात आले. मी घाबरून १०,००० रुपये आगाऊ भरले, याचे मला आजही वाईट वाटते. त्यानंतर रोज फोन केला की ‘पार्ट निघाला आहे’ हेच उत्तर मिळे. पाऊस चालू असताना आईला डायलिसिससाठी रिक्षाने न्यावे लागत होते आणि गाडी मात्र शेडमध्ये तशीच उभी होती.

त्या दिवसांत मी ही यंत्रणा समजून घेतली. किल्लीच्या मुठीत एक छोटी चिप असते आणि इग्निशन लॉकभोवती तारेची एक कडी, म्हणजे अँटेना कॉइल, बसवलेली असते. ही कॉइल बहुधा १२५ किलोहर्ट्झच्या लहरींनी चिपला ऊर्जा देते आणि तिचा सांकेतिक क्रमांक वाचते. क्रमांक जुळला नाही, तर इंजिनाचे इंधन किंवा ठिणगी रोखली जाते. चिपला स्वतःची बॅटरी नसते, त्यामुळे रिमोटचा सेल बदलून हा दोष जात नाही. किल्लीच्या जुडग्यात दुसऱ्या वाहनाची चिप असलेली किल्ली असेल, तर ती आधी बाजूला काढावी, कारण तिच्यामुळेही वाचनात अडथळा येऊ शकतो.

दुसरी किल्ली लावून पाहिली का, हे पत्नीने सातव्या दिवशी विचारले. मी ती कपाटातून काढून घेऊन गेलो. तिनेही गाडी चालू झाली नाही. दोन्ही चिपा एकाच सकाळी बिघडणे मला पटेना, म्हणून स्कॅनरवर नेमका कोणता दोष दिसतो आहे ते मला दाखवावे, असा आग्रह मी धरला. ‘किल्ली नोंदलेली नाही’ आणि ‘किल्लीकडून उत्तरच येत नाही’ हे दोन वेगळे दोष आहेत, आणि पडद्यावर दुसरा होता. हे वाचूनही कॉइल पाहण्यासाठी कोणी स्टिअरिंग कॉलमचे (स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीचे) झाकण उघडले नव्हते, याचा मला फार राग आला. तरीही आणखी चार दिवस गेले.

अकराव्या दिवशी तेथील एका वयस्कर तंत्रज्ञांनी माझ्यासमोर ते झाकण काढले. कॉइलचा कनेक्टर अर्धवट निसटलेला होता. तो नीट बसवून त्यांनी किल्ली फिरवली आणि पहिल्याच प्रयत्नात इंजिन चालू झाले. जून महिन्यात याच ठिकाणी कॉम्बिनेशन स्विच (दिवे व वायपरचा स्विच) बदलताना ते झाकण उघडलेले होते.

म्हणून असा प्रसंग आल्यास दोन्ही किल्ल्या सोबत न्याव्यात, स्कॅनरवरील दोष शब्दशः जॉब कार्डावर लिहून घ्यावा आणि कॉइल व तिची जोडणी तपासल्याशिवाय ईसीएमला होकार देऊ नये. किल्ली मुळीच फिरत नसेल, तर तो बहुधा इमोबिलायझरचा दोष नसतो. स्टिअरिंग लॉक अडकलेला असतो, आणि स्टिअरिंगचे चाक हलकेच दोन्ही बाजूंना हलवत किल्ली फिरवली की तो सुटतो.

माझ्याकडून केवळ मजुरी घेण्यात आली. आगाऊ रक्कम परत मिळण्यास मात्र आणखी ९ दिवस आणि तीन अर्ज लागले.