माळ्यावरचा डबा

गणपतीची चवथ जवळ आली म्हणून आज माळा साफ करायला घेतला. गणपतीवर फळं-फुलं टांगतात त्या माटोळीच्या जुन्या काठ्यांमागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत माझे जी. आय. जो, खेळण्यातले शिपाई!

पावणेचार इंचांचे ते शिपाई हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने अमेरिकेत 1982 मध्ये आणले. आपल्याकडे ते काढले फनस्कूलने. ती कंपनी टायरवाल्या एमआरएफची, 1987 साली सुरू झालेली, आणि तिचा एक कारखाना इथे गोव्यातच! लहानपणी हे कळलं असतं तर बाबांना रोज तिकडे न्यायला लावलं असतं.

मला पहिला दिसला तो म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. आई माटोळीचं सामान घेत होती, आणि शेजारच्या दुकानाच्या दारात पुठ्ठ्यावर चिकटवलेला काळ्या कपड्यांतला स्नेक आइज नावाचा शिपाई लटकत होता. मी जागचा हललोच नाही. शेवटी मामाने घेऊन दिला. पुठ्ठ्यामागे त्याची माहिती छापलेली असायची. ती मी कात्रीने कापून गणिताच्या वहीत जपून ठेवली होती.

आज त्याला उचललं तर कंबरेतून दोन तुकडे झाले. आतलं काळं रबरी कडं इतक्या वर्षांत वाळून गेलंय. पाठीतला एक स्क्रू काढला की नवं घालता येतं. भाचा संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातून तशी चार कडी घेऊन आला. एक बरोबर बसलं.

आत्ता स्नेक आइज देवघराजवळच्या फळीवर उभा आहे.

तुम्हाला तुमचा पहिला कुठे भेटला? सांगा ना.